निडीजवळच्या घराला फुटलेला लोणा

ती शनिवारची दुपार आठवली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. तेव्हा माझी नेमणूक रोहा पोलीस ठाण्याला होती. जेवणाचा डबा उघडला, तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आरडाओरडा सुरू झाला. रंगाचे डाग पडलेल्या शर्टातला एक रंगारी तिथे उभा होता.

"साहेब, एकतर माझ्यावर केस करा, नायतर त्या भिंतीवर करा!"

मला हसू आलं, पण त्याला बसवून घेतलं.

हकीगत अशी. निडीजवळच्या एका गावात एका विधवा बाईंचं घर होतं. नवरा डोलवीला ठेकेदाराकडे कामाला होता. दोघांनी एकेक खोली वाढवत ते बांधलं होतं. नवरा गेल्यावर त्या पेणला रामवाडीत मुलीकडे राहायला गेल्या. मुलीच्याच इमारतीत छोटा फ्लॅट घ्यायचा, तर हे घर विकणं भाग होतं. विक्रीआधी त्यांनी कौलं चाळून घेतली, न्हाणीघराच्या फरशा बदलल्या, सगळं घर रंगवलं. दलालाने घर बघून चाळीस लाख भाव सांगितला आणि गिऱ्हाइकांना दाखवायला चावी ठेवून घेतली.

मग मागच्या खोलीच्या भिंतीला लोणा फुटला. पांढरी खार, रंगाचे पापुद्रे. रंगाऱ्याने खरवडून पुन्हा रंग दिला. पुन्हा फुटला. तिसऱ्यांदाही तेच. गिऱ्हाईक भिंत बघायचं आणि चपला घालायचं. तीन महिन्यांत भाव सव्वीस लाखांवर आला. सोमवारी त्या भावाने साठेखत व्हायचं होतं.

"बाय म्हनते, मी भेसळीचा रंग मारला. रोह्यात मला कोन काम देईना, साहेब."

"घेणारा कोण आहे?"

"हाय एक. चार वेळा येऊन गेला. दर वेळेला नाक मुरडतो, भिंतीवर टकटक करतो नि जातो."

मी डबा बंद केला. बांगड्याचा वाटा असो की जमिनीचा तुकडा, मी जन्मभर घासाघीस करत आलेला माणूस. वाईट मालाकडे कोणी चौथ्यांदा फिरकत नाही. जो नावं ठेवत परत येतो, त्याला तो माल हवाच असतो.

वरिष्ठांना फोन केला. "दिवाणी बाब आहे. तुम्ही काय घरांची दलाली सुरू केलीत का?" असं उत्तर मिळालं. ते थेट अधिकारी म्हणून आलेले. मी शिपाई म्हणून भरती होऊन, खात्याच्या परीक्षा देत वर चढलेला. डोकं तापलं. "फक्त चौकशी करतो, सर," म्हणून फोन ठेवला, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि हवालदार, दोन पंच व रंगारी यांना घेऊन जीप काढली. बाईंना पेणहून दुसरी चावी घेऊन बोलावलं.

रंगाऱ्याला बघताच त्या कडाडल्या, "ह्याला कशाला आनलाव? ह्याच्यापायी माझं घर मातीत गेलं!"

"अगो बाय, मी तुला तीनदा..."

"गप बसा दोघंही!" मी ओरडलो. पंच दचकले.

भिंत बघितली आणि अंगात वीज खेळली. खरा लोणा जमिनीतल्या ओलीबरोबर खालून वर चढतो. इथे खालची वीतभर भिंत कोरडी ठणठणीत आणि तिच्या वर कमरेपर्यंत पांढरं! नमुना पाकिटात सीलबंद करून घेतला आणि मग नखाने थोडं खरवडलं. माझा बाप पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबला, लहानपणी मीही राबलो. लोणा पिठासारखा भुसभुशीत असतो. हे बोटांना टोचत होतं. बॅटरीच्या उजेडात चौकोनी दाणे चमकले. मी एक दाणा जिभेवर ठेवला.

"साहेब, काय करताय?" हवालदार घाबरला.

"मीठ आहे! मिठागरातलं जाडं मीठ!" मी इतक्या जोराने म्हणालो की शेजारची माणसं दारात आली.

बंद घराची चावी दलालाकडे होती. तासाभरात तो ताब्यात होता. त्याच्या पडवीत पाठीवर अडकवायचा फवारणी पंप मिळाला. पंचनामा करून तो जप्त केला आणि ठाण्यात त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"हा कशाला?"

"वालावर मारायला. आमची शेती हाय."

मी पंपाचं तोंड त्याच्याकडे वळवलं. कडेला पांढरा थर सुकला होता. "वालावर मिठाचं पाणी मारतोस? शेतकऱ्याचा मुलगा ना तू? बोलावू वडिलांना, पीक कसं आलं ते विचारायला?"

त्याची मान खाली गेली. मग त्याने पाणी मागितलं. पाणी मागणारा माणूस बोलायचं ठरवून बसलेला असतो, हा माझा अनुभव. ग्लास खाली ठेवता ठेवता म्हणाला, "मेव्हण्याची आयडिया, साहेब." चार वेळा नाक मुरडून गेलेला तोच हा मेव्हणा. घर सव्वीसला घेऊन नंतर चाळीसला विकायचा दोघांचा बेत होता.

गुन्हा दाखल झाला, साठेखत टळलं. पत्रकारांपुढे पंप ठेवून वरिष्ठ मधोमध बसले आणि "माझ्या मार्गदर्शनाखाली" म्हणाले. ते शब्द मी विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

बाईंनी त्याच रंगाऱ्याकडून भिंत नवी करून घेतली. पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा मला मुद्दाम बोलावलं. मी आधीच सांगून ठेवलं, "बेचाळीस सांगा, चाळीसला सोडा."

"नाय साहेब. चाळीसचं हाय, चाळीसच सांगनार."

मला रागच आला. गिऱ्हाइकाने सुरुवात केली, "मागची खोली तशी अंधारीच..."

"अंधारी हाय तर नको घेऊ, दादा. मी नि माझ्या मालकानं बांधलीय. ती कशी हाय ते मला ठाव हाय."

गिऱ्हाईक मागच्या खोलीत पुन्हा एक फेरी मारून आलं. चाळीसला सौदा ठरला.

परत येताना माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. बाई सव्वीसला तयार झाल्या होत्या त्या नुसत्या भिंतीमुळे नव्हे. तीन महिने आपल्या घराबद्दल वाईटच ऐकून त्यांना ते खरं वाटू लागलं होतं. आणि मी? आयुष्यभर वस्तूत खोट काढूनच भाव पाडत आलो. दलालाला निदान पंप लागला, माझं तोंडावर भागत होतं.

घासाघीस मी आजही करतो, रागही तसाच येतो. पण आता बाजारात कोळणीला म्हणतो, "मासळी ताजी आहे गो, मला परवडत नाय. बोल, किती कमी करतेस?"

"ताजी हाय म्हनतोस ना? मग काढ पैसे!"

बहुतेक वेळा मी मुकाट्याने काढतो.