मायचं नाक आणि घरातला कापूस

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत राळेगावकडच्या आमच्या घरातली सगळ्यात चांगली खोली कापसाची असायची. वेचलेला कापूस आढ्यापर्यंत भरायचा, भाव चढेल म्हणून महिनोन्महिने ठेवायचा, आणि चोरी नको म्हणून माय त्याला खेटून खाट टाकायची. घरोघरी हेच. मी तेव्हा कापसाच्या भावासाठी पत्रकं वाटत फिरत होते. भाव ठरवणाऱ्यांच्या घरात या कापसाची धूळ कधी उडत नाही, याचा राग मला आजही आहे.

मायचं नाक दिवाळीला बंद व्हायचं ते होळीपर्यंत. रात्री तोंडानं श्वास, सकाळी शिंका, कपाळाचा ठणका. मग वासच येईनासा झाला. लोक म्हणत, सर्दी आहे. मेडिकलमधून थेंब आणले. नाकात टाकले की घडीभर मोकळं, पुन्हा बंद.

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकात बॅटरी मारली.

"थेंब किती दिवस टाकता?"

"दिवाळीपासून. सुटूनच नाई राह्यले."

"त्यांनीच नाक आणखी सुजलंय. स्वयंपाक चुलीवर? आणि झोपता कुठं?"

"कापसापाशी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "धूळ, धूर आणि थेंब, तिन्ही चालू ठेवाल तर माझं औषध काय करणार?"

घरी बाबा अडले. "मंग कापूस कोण राखन?"

"तुम्ही," मी म्हटलं. "तुमचं नाक तं चांगलं हाय."

"हे घोरले तं चोर तसेच पळतीन," माय म्हणाली.

बाबांची खाट आत गेली, मायची पडवीत आली. चूल मी सांभाळायला घेतली. आठवड्यातच बाबा शिंकू लागले. एका सकाळी तोंडाला दुपट्टा बांधून त्यांनी सगळा कापूस गोठ्याशेजारच्या खोलीत हलवायला घेतला.

"काहून बाबा?"

"कापसाले हवा लागाले पाह्यजे."

थेंब सोडल्यावर मायचे पहिले दिवस वाईट गेले. बाईंनी दिलेलं औषध आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं तिनं नेटानं केलं. पूर्ण बरं झालं असं नाही. धूळ उडाली की अजून चोंदतं.

एका दुपारी मी चुलीपाशी पत्रक वाचत बसले होते. पडवीतून आवाज आला, "काय वं, वांगे करपून राह्यले ना."

"तुले वास आला?"

"साऱ्या गल्लीले आला असन."

ती वांगी आम्ही तिघांनी निमूट खाल्ली. मायनं दोनदा घेतली.