पाच की पन्नास

परवा ऑफिसात माझी मान खाली गेली. ती अजून पुरती वर आलेली नाही...

मी चेन्नईत, पेरुंगुडीच्या एका छोट्या कंपनीत आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये फवारायचं जंतुनाशक आम्ही बनवतो. जुन्या फॉर्मॅलिनने कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचा विषाणू मरतो खरा, पण फवारणाऱ्या बायकांचे डोळेही जळतात. म्हणून हे नवं, सौम्य औषध... आणि त्याची चाचणी.

औषधाचं माप ठरवतो मी, चाचणी करतात पद्मा अक्का. तंजावरच्या मराठी घरातल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. विषाणू औषधात ठेवायचा, मग तो उबवणीच्या अंड्यात टोचायचा. आतलं पिल्लू जगलं तर औषध पास.

अक्का माझ्याशी हौसेने मराठी बोलतात. "जेवण जाले का, राव?" अशी. मला ती मराठी ऐकली की मोडी कागद वाचल्यासारखं वाटतं, म्हणून मी मुद्दाम तमिळमध्ये उत्तर देतो. अकरा वर्षांत शिकलेली तमिळ न हसता ऐकणारं दुसरं गिऱ्हाईक नाही...

एके दिवशी मी कामासाठी जॉर्ज टाउनच्या बाजारात गेलो होतो. अक्कांनी फोनवर विचारलं, लिटरला औषध किती मिली? मेल करायची सोडून मी ऐटीत तमिळमध्ये व्हॉइस नोट पाठवली.

आठवड्याने निकाल आला. सगळी पिल्लं मेलेली. औषध नापास, प्रोजेक्ट बंद व्हायच्या बेतात, आणि अक्कांचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपणार.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "अक्कांची मराठी सतराव्या शतकातली आहे, मापंही तेव्हाचीच घेतली असतील." इंग्रजीत म्हणालो, म्हणजे सगळ्यांना कळावं. सगळे हसले. अक्का वहीत बघत राहिल्या.

मग लेखी खुलासा मागायला मी स्वतः लॅबमध्ये गेलो. अक्कांनी हातमोजे काढले, दार लोटलं आणि फोन माझ्या कानाशी धरला. माझाच आवाज होता... "लिटरुक्कु अंजु मिली."

तमिळमध्ये अंजु म्हणजे पाच. पन्नासला म्हणतात अंबदु, आणि मला म्हणायचं होतं पन्नास.

मी ती नोट पुन्हा एकदा लावली. मग विचारलं, "अक्का, हे मीटिंगमध्ये का नाही ऐकवलंत?"

"तुमची तमिळ ऐकून सगळे हांसले असते, राव. म्हणून कोणास ऐकविले नाही."

नोकरी त्यांची जात होती... आणि जपत होत्या माझी अब्रू. मी मात्र दोन टाळ्यांसाठी त्यांची भाषा चव्हाट्यावर मांडून आलो होतो. तिरकस बोलणं हा माझा गुण आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो.

काल सगळ्यांना मेल केली. चूक माझी, अक्कांनी मी सांगितलं तसंच केलं, चाचणी पुन्हा व्हावी. खाली ती व्हॉइस नोट जोडली. अक्कांच्या कॉन्ट्रॅक्टचा निर्णय दुसऱ्या निकालापर्यंत थांबवलाय. नवी अंडी उबवणीत आहेत, यावेळी माप लेखी दिलंय.

ऑफिस दिवसभर माझ्या तमिळवर हसत होतं. त्याचं काही वाटलं नाही. फक्त अक्का हसल्या नाहीत... आणि तेच सोसवत नाहीये.