पारखी ठेवावा की काढावा, याची विलायती परवानगी

नवे राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मलकापूरच्या तहसील कचेरीसमोर चटई टाकून मी अर्ज लिहीत बसे. शिक्षण सातवीपर्यंतच, परंतु माझे अर्ज वाचताना वकीलही चष्मा पुसून घेत, हे येथे नमूद करणे भाग आहे.

गावाबाहेर एका परदेशी कंपनीचा, कापसातली सरकी काढण्याचा जिनिंग कारखाना होता. मुख्य कचेरी विलायतेत, तिच्या हाताखाली मुंबईची, आणि मुंबईच्या हाताखाली आमचे मॅनेजर. पुण्याकडचे हे गृहस्थ फाटकाला रंग द्यायचा तरी वर विचारीत. मंजुरी येईपर्यंत फाटकच गंजून गेले.

अशात विलायतेहून हुकूम सुटला, की सर्व देशांतील शाखांतून पंचावन्न वर्षांवरील नोकर कमी करावेत. त्यात वडनेर भोलजी गावचा म्हातारा पारखी सापडला. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढून तो तिची प्रत सांगे. त्याचे वय कोठेच लिहिलेले नव्हते. मॅनेजरांनी पांढऱ्या मिशा पाहून साठ लिहिले.

"साहेब, मिशा काढून येऊ का?" म्हाताऱ्याने विचारले.

"नियम आहे बाबा. माझ्या हातात काही नाही."

"मंग तुमच्या हातात हाये तरी काय?"

मी त्याचा अर्ज लिहिला आणि मॅनेजर, मुंबई यांना वगळून थेट मुख्य कचेरीला पाठवला. हाताखालच्या माणसांपुढे लेखणी झिजवणे मला मान्य नव्हते. माझ्या या धोरणापायी अर्धा हंगाम गेला, असे म्हातारा म्हणे. मी मनावर घेतले नाही.

अखेर अर्ज मुंबईमार्गे खाली मॅनेजरांकडे उतरला. त्यावर शेरा होता: योग्य मार्गाने आलेला नाही, तथापि शाखेने स्वतः निर्णय घ्यावा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर तो कागद घेऊन माझ्या चटईवर आले. मागे म्हातारा.

"स्वतः म्हणजे नेमके कोणी? असे विचारणारा अर्ज लिहा. योग्य मार्गाने."

"काऊन साहेब? आता त तुमालेच ठरवाले सांगतलं न!"

"पण ठरवण्याची परवानगी कुठे आहे?"

म्हातारा हसला, धोतर झटकून निघाला. रस्त्यापलीकडच्या जिनात शेठने त्याच्यापुढे मूठभर रुई धरली. वय विचारले नाही.

मॅनेजर मात्र चटईवरच होते. मायना मुंबईच्या नावे घालावा की विलायतेच्या, हे त्यांना ठरवता येत नव्हते.