सोबत कोण?

“एकट्या बाईला खोली द्यायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

नारायण पेठेतल्या आमच्या लॉजच्या काउंटरवर मी पहिल्यांदा बसले, त्या सकाळी अप्पांनी मला हे दोन नियम सांगितले. अप्पा म्हणजे माझे मोठे काका, लॉजचे मालक. माझे बाबा तिथेच हिशेब बघतात आणि अप्पा काही बोलले की मान डोलवतात. तिसरे जोशीकाका. ते लॉजचे कोणीच नाहीत. शेजारच्या इमारतीत राहतात, पण रोज आमच्या बाकावर बसून आमचं वर्तमानपत्र वाचतात आणि आमच्याच पाहुण्यांना सल्ले देतात.

मी टुरिझम शिकले आहे. दोन-तीन दिवसांसाठी पुणं बघायला आलेल्यांना काय खावं, कुठे फिरावं, संध्याकाळी कुठे जावं हे सांगणं माझं काम. किस्से गोळा करायला मी काही बसले नव्हते. पण लॉजवर माणूस नुसती बॅग टेकवत नाही. जाताना तो स्वतःबद्दल बरंच काही मागे सोडून जातो आणि खोली कितीही झाडली तरी ते निघत नाही. त्यातलं काही हसण्यासारखं असतं. काही सांगताना मला अजून राग येतो.

* * *

लातूरहून एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि दोन मुली. एका दिवसात शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, तुळशीबाग आणि शेवटी सिंहगडावर पिठलं-भाकरी, असा बेत होता. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि उरलेल्या वेळात काय करणार?”

नवऱ्याला टोमणा कळायच्या आत बायको म्हणाली, “आधी तुळशीबाग. पाचच मिनिटं!”

दिवे लागले तेव्हा मंडळी परत आली. मुलींच्या दोन्ही हातांत पिशव्या. नवरा बाकावर बसला, बूट काढले, पाय लांब केले. मी विचारलं, “काय काय बघितलंत?”

“तुळशीबागेच्या बाहेर एक फूटपाथ आहे,” तो म्हणाला. “त्याची एकेक फरशी मला पाठ झालीये!”

* * *

इंदूरहून चार मुलं आली. आयटीतली, लाँग वीकेंडला निघालेली. “दीदी, इथे नाइटलाइफ कुठे?”

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर अप्पा मागून म्हणाले, “साडेदहाला दार बंद होतं. त्यानंतरची लाइफ खोलीत.”

मुलं दार बंद व्हायच्या आत परत आली, पण कुठल्या अवस्थेत! एक जिन्यात ओकला, दुसऱ्याने तुळशीची कुंडी फोडली. सकाळी बाबा फिनेल घेऊन जिना धूत होते.

मी म्हटलं, “अप्पा, असल्यांना खोली द्यायची नाही, असा काही नियम?”

“जाऊ दे गं. वय असतं एकेक.”

माझंही तेच वय आहे! मी जिन्यात ओकले असते, तर अप्पांनी माझं वय काढलं असतं की माझ्या बापाचा उद्धार केला असता?

* * *

त्याच आठवड्यात कोल्हापूरहून एक मुलगी आली. आर्किटेक्चर शिकत होती. पाताळेश्वरची लेणी आणि पेठांमधली जुनी दारं यांची स्केचेस करायला दोन दिवस आली होती. पाठीवर सॅक, काखेत ड्रॉइंगचा कागद.

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. “सोबत कोण?”

“कोणी नाही. मी एकटीच.”

“खोली शिल्लक नाही.”

त्यांच्या पाठीमागे खिळ्यांवर चाव्या लोंबत होत्या. पंख्याच्या वाऱ्याने वाजतसुद्धा होत्या. मुलीने चाव्यांकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

“बरं. थालीपीठ चांगलं कुठे मिळेल?”

खाण्याचा विषय निघाला की अप्पा एकदम दुसरा माणूस होतात. त्यांनी बाहेर येऊन हाताने रस्ता दाखवला, आतल्या बाजूला बसा म्हणाले, वरून लोणी मागून घ्या म्हणाले. तिने सगळं नीट ऐकलं.

“तिथे एकटीला बसू देतात ना?”

अप्पा काउंटरमागे परतले. ती गेल्यावर मी भांडभांड भांडले. बाबा म्हणाले, “अगं, अप्पा म्हणतात ना!” आमच्या घरात वाद असाच संपतो.

* * *

जोशीकाका कट्टर शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा चालत नाही, असं ते स्वतःच सांगतात. एकदा अकोल्याच्या एका पाहुण्याने मला विचारलं, “इथे बिर्याणी कुठली चांगली?” मी आठवत होते, तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज आला.

“कॅम्पात जा. मशिदीवरून पुढे, डावीकडची दुसरी गल्ली, हिरव्या पायऱ्या. एकच्या आत पोचा, नंतर नुसता भात उरतो. आणि कोपऱ्यातलं टेबल घ्या. पंखा तिथेच लागतो.”

आम्ही सगळे त्या वर्तमानपत्राकडे बघत राहिलो.

“असं म्हणतात,” जोशीकाका म्हणाले.

पाहुणा जेवून तृप्त होऊन आला. “काका, तुमचं वर्णन केलं तर तिथल्या चाचांनी लगेच ओळखलं! सलाम सांगितलाय. म्हणाले, जोशीसाहेबांची तब्येत बरी आहे ना? दोन रविवार दिसले नाहीत!”

अप्पांना हसता हसता ठसका लागला. मीही हसले. नंतर लक्षात आलं, जोशीकाका वर्षानुवर्षं त्या हिरव्या पायऱ्या चढतात, आणि सोबत कोण, असं त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.

* * *

सोलापूरच्या एक डॉक्टर आल्या, चाळिशीच्या. दोन दिवस रजा टाकून निव्वळ भटकायला. मस्तानी प्यायची, एक नाटक बघायचं, सकाळी उशिरा उठायचं, एवढाच कार्यक्रम. अप्पांनी त्यांना नियम ऐकवला. बाई भांडल्या नाहीत.

“दोन-तीन तासांसाठी बॅग ठेवू का इथे?”

त्या परत आल्या त्या एका मुलाला घेऊन. त्यांचा भाचा, लोणी काळभोरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. “हा आहे सोबत,” त्या म्हणाल्या.

अप्पांनी त्याचं आधार कार्ड बघितलं. आधी त्याचं नाव लिहून घेतलं, मग मावशीचं. चावीही त्याच्याच हातात दिली. मुलाने चहा घेतला, चावी मावशीकडे दिली आणि माझ्यापाशी येऊन हळूच विचारलं, “ताई, लोणीची बस कुठून सुटते? मला एकट्याला सापडत नाही इथलं काही.”

डॉक्टरबाई त्याला बसमध्ये बसवून आल्या, खोलीत जाऊन झोपल्या.

“नियम म्हणजे नियम,” अप्पा समाधानाने म्हणाले.

* * *

मालतीबाई आल्या ती दुपारची वेळ होती. वर्ध्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, अप्पांच्याच वयाच्या. रिक्षावाल्याने बॅग आत आणून ठेवली. बाकावर जोशीकाका होते, माझ्यामागे अप्पा आणि बाबा. बाईंनी पदराने मान पुसली आणि तिघांकडे बघून विचारलं, “सांगा बरं, तीन दिवसांत काय काय बघू?”

असा प्रश्न, आणि तोही इतक्या आदराने! तिघेही खुलले. अप्पा म्हणाले, शनिवारवाडा सकाळीच उरका, ऊन चढलं की दगड तापतात. जोशीकाका म्हणाले, पर्वती संध्याकाळी चढा, दमलात की मध्येच बसा, घाई कोणाला आहे? थालीपीठ कुठलं यावरून दोघांचं वाजलं. जुन्या वस्तूंचं संग्रहालय आधी की तुळशीबाग आधी, यावरून पुन्हा वाजलं. मग चक्क बाबा बोलले. “सारसबागेत गणपतीचं दर्शन झाल्यावर लगेच उठू नका. दिवे लागेपर्यंत तिथेच बसा.” बाबा स्वतःहून एवढं बोललेले मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

बाई मन लावून ऐकत होत्या. अप्पांनी स्वतःची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे सरकवली, पाणी मागवलं आणि पेन हातात घेतलं.

“सोबत कोण? साहेब बाहेर आहेत का?”

“नाही हो. हे जाऊन दोन वर्षं झाली. मी एकटीच आली.” त्या हसल्या. “मुलगा नको म्हणत होता. मी म्हटलं, जन्मभर पोरांना शनिवारवाडा शिकवला, एकदा बघू तर दे. आधी ह्यांना प्रवास झेपायचा नाही, मग सासूबाई अंथरुणावर. आता कोणासाठी थांबू?”

अप्पांचं पेन थांबलं. एरवी “खोली शिल्लक नाही” म्हणायला त्यांना क्षणही लागत नाही. या वेळी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

“सई, जरा सांग त्यांना.”

“काय सांगू?”

“ते... आपलं.”

मालतीबाई माझ्याकडे वळल्या. चेहरा तसाच हसरा. अजून एखादं ठिकाण सांगणार, असं त्यांना वाटत असावं. एक हात बॅगेवर होता.

मी खुर्चीतून उठले.

“मी नाही सांगणार, अप्पा. आज नाही आणि यापुढे कधीच नाही. यांना खोली का मिळणार नाही, ते तुम्ही सांगा. नाहीतर बाबा, तुम्ही सांगा. जोशीकाका, तुम्ही. आत्ता पर्वती कशी चढायची ते सांगितलंत ना? तसंच सांगा. त्यांच्याकडे बघून सांगा.”

जोशीकाकांनी वर्तमानपत्र वर घेतलं. बाबा पंख्याकडे बघायला लागले. अप्पांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

मालतीबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.