बापूसाहेबांची बाज आणि अमेरिकेचा तळ

वाचकहो, नमस्कार! परतवाड्याच्या मालूताई, गुडघा काय म्हणतो? धामणगावच्या दादांची कवळी बसली का नीट? आणि माझं वऱ्हाडी वाचून पुण्याच्या ज्या सूनबाईंचं डोकं दुखायचं, त्यांचं थांबलं असेल अशी आशा आहे. आमचं बरं आहे. परवा मी अमरावतीला एक तळ उठवायला जाऊन आलो, त्याची ही हकीकत.

अमरावतीत माझा लहानसा प्लॉट आहे, इवायाच्या म्हणजे व्याह्यांच्या घराला लागून. तिथं एक खोली बांधून नातवाजवळ राहायचं, हे आमच्या सौ.चं स्वप्न. पण इवाई बापूसाहेबांनी तिथं निंबाखाली एक बाज टाकली, 'पाठ टेकायपुरती'. बाजेवर टिनाचं छप्पर आलं, टिनाखाली म्हैस आली, म्हशीपायी काटेरी कुंपण आलं.

मी सध्या वाचनालयातून आणून अमेरिकेचा इतिहास वाचतोय. त्यांचंही असंच! जहाजात कोळसा भरायला म्हणून जागा मागायची. हवाईत आधी उसाचे मळेवाले गेले, मागून बंदूकवाले. फिलिपिन्सला स्पेनच्या तावडीतून सोडवायला गेले आणि स्वतःच मुक्काम ठोकून बसले. म्हटलं, बापूसाहेबांना हेच ऐकवू. लेक त्यांच्या घरात. सरळ कसं बोलणार?

अकोल्याहून सकाळची एसटी धरा. पासष्टी उलटली असेल तर अर्धं तिकीट, आधारकार्ड विसरू नका. मूर्तिजापूर, बडनेरा करत रस्ता असा सरळ की माझी डुलकी मोडली नाही. अमरावतीत उतरल्यावर दह्यात भिजलेला गिला वडा खाल्ल्याशिवाय कोणतीही मोहीम काढू नये.

"बसा बाजेवर, आपलीच आहे!" बापूसाहेबांनी स्वागत केलं. 'आपलीच' म्हणजे कोणाची, हे मी विचारणार, तोच नातू पोटावर येऊन बसला, निंबाचा वारा सुटला, आणि तळ उठवायला आलेला माणूस तळावरच घोरू लागला.

जेवताना मी विषय काढला. "बापूसाहेब, क्युबात ग्वांतानामो म्हणून जागा आहे. अमेरिकेनं भाड्यानं घेतली, आता सोडत नाही. दरसाल भाड्याचा चेक धाडते. क्युबा म्हणते, जागा सोडा, आणि चेक वटवतच नाही."

"एकबी नाई वटवला?"

"सुरुवातीला एक वटवला होता, गडबडीत. अमेरिका म्हणते, त्यातच करार मान्य झाला."

बापूसाहेबांचा घास थांबला. "इवाई, दिवाळीले संत्र्याची बर्फी धाडली होती. कशी लागली?"

"एकदम फस्क्लास!" मी म्हणालो, आणि जीभ चावली.

"झालं तं मंग! भाडं पोचलं!" ते इतके हसले की बाहेर म्हैस ओरडली. लगेच माझ्या लेकीला हाक: "सूनबाई, यंदाचा डबा बांध वं!"

अकोल्याला येऊन डबा कपाटावर ठेवला. ठरवलं, क्युबासारखं राहायचं, शिवायचं नाही. सकाळी पाहतो तर डबा धुऊन पालथा!

"काहून खाल्ली?" मी ओरडलो. "खोली तुलेच पाहिजे होती ना?"

"मुंग्या लागून राहिल्या होत्या, फेकू का?" सौ. म्हणाली. "आन् रिकामा डबा वापस धाडत नसतेत. त्यात भरायले चिवडा करून राहिली."

म्हणजे आता जागा आमची, तळ त्यांचा, आणि वरून चिवडाही आमचाच. नातवाची पोटावरची ऊब तेवढी फुकट मिळाली. ती अजून उतरलेली नाही.

वाचकहो, बायकोनं खाल्लेली बर्फी नवऱ्याची सही धरतात का? कोणाला कायदा माहीत असेल तर आजच्या आज लिहा. चिवड्याला फोडणी पडली आहे.