अर्ध्या घोड्याचा पत्रा

पोशेऱ्याच्या संदीप टेलरला तुम्ही सांगितलंत की माझी छाती छत्तीस आहे, तर तो मान डोलावेल, हूं म्हणेल आणि गळ्यातली टेप काढून पुन्हा माप घेईल. सांगितलेल्या मापावर त्याने आयुष्यात कापड कापलं नाही. माणसं स्वतःच्या पोटाबद्दल सर्रास खोटं बोलतात, हे ज्ञान त्याला भिवंडीच्या कारखान्यात सहा वर्षं मशीन मारून मिळालं होतं. तिथून येताना त्याने एक जुनी शिलाई मशीन आणली आणि कोणावरही चटकन विश्वास न ठेवण्याची खोडही आणली. मशीनला निदान तेल घालता येत होतं.

अशा माणसाला पुस्तकांचं वेड असावं याची गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. आश्रमशाळेत त्याच्या हातात पहिलं पुस्तक दिलं ते हर्षदा मॅडमनी. त्या आता निवृत्त होऊन नाशिकला राहतात आणि दर रविवारी चार वाजता फोनवर वाचकांचा गट भरवतात. पुण्याचे, नाशिकचे, डोंबिवलीचे मिळून वीसेक जण. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की सगळ्यांचा जीव की प्राण. मोखाड्याच्या बाजारपेठेतल्या गाळ्यात संदीप फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवायचा, स्वतःचा कॅमेरा बंद ठेवायचा आणि काजं करता करता ऐकायचा. मध्येच माईक सुरू करून म्हणायचा, "मॅडम, पान ऐंशीवर सरदार अंगरख्याची बटणं लावतो. अंगरख्याला बंद असतात. बटणं आली कुठून?" पुणेकर मंडळी घाईघाईने पान ऐंशी उघडायची. लेखकाची चूक पकडली की संदीपला सणासारखं वाटायचं.

तर फाल्गुनात मॅडमनी नव्या कादंबरीच्या पाच प्रती मागवल्या आणि एक टपालाने संदीपला धाडली. 'रानसोंग'. लेखक तुषार म्हणून कोणी तरुण गृहस्थ, पुण्याचे. जव्हार संस्थानच्या काळातली गोष्ट. आपल्याच डोंगरातली म्हणून संदीप खूश झाला, पाय पसरून वाचायला बसला, आणि पान एकशे बाराला त्याच्या मनात पाल चुकचुकली.

कादंबरीत बोहाडा होता. इकडे उन्हाळ्याच्या तोंडाला गावोगाव बोहाडा होतो. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे घालून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. त्याला सोंग म्हणायचं. कोणी कुठलं सोंग नाचवायचं हे ठरलेलं असतं. एकेका सोंगाचा मान एकेका घराचा. बापाकडून मुलाकडे येतो, आणि मुखवटाही त्याच घरात माळ्यावर, फडक्यात बांधून ठेवतात. संदीपच्या घराकडे त्राटिकेचा मान. शेती म्हणाल तर उतारावरचा नागलीचा तुकडा, घर म्हणाल तर कुडाचं. पण त्राटिका निघाली की अख्खं गाव वाट सोडून उभं राहायचं. संदीपच्या मालकीचं ताठ मानेने सांगावं असं एवढंच होतं.

कादंबरीत हीच त्राटिका होती. संस्थानचे शिपाई वेठीला माणसं धरायला येतात. मुखवट्याचा धनी, ओढ्यापलीकडच्या पाड्यावरचा, भिऊन रानात पळतो. ओढ्याअलीकडचा एक गडी तो मुखवटा उचलतो, तोंडाला बांधतो आणि आरोळी ठोकून शिपायांवर धावून जातो. शिपाई पळतात. मुखवटा मात्र गडी परत करत नाही. नावं बदललेली होती, पण मुखवट्याच्या डाव्या जबड्याला तडा होता आणि तो आतून तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सांधला होता. पत्र्यावर घोड्याचं अर्धं चित्र.

संदीपने पुस्तक मिटलं. तो अर्धा घोडा मुखवट्याच्या आत होता. नाचणाऱ्याच्या गालाला तो थंडगार लागतो. बाहेरच्या माणसाला दिसायचा प्रश्नच नाही. घरातलं कोणीतरी फुटलं होतं.

पहिला संशय बायकोच्या, चंदनाच्या भावावर. पंकज जामसरचा, हौशी पोरगा. दोन वर्षांपूर्वी बोहाड्याला संबळ वाजवायला आला होता आणि फोनवर ऊठसूट व्हिडिओ काढत होता. संदीपने त्याला फोन लावला आणि रामराम न करता विचारलं, "कितीला विकलास?"

"काय विकलं, दाजी?"

"आमच्या घराचा मान."

पंकजने आधी हसून घेतलं, मग तो चिडला, आणि मग म्हणाला की या साली संबळाला दुसरा माणूस बघा. चंदनाने हे चुलीपाशी बसून ऐकलं. त्या दिवसापासून ती संदीपशी कामापुरतं बोलू लागली, आणि घरात काम तरी कितीसं असतं.

मग पाळी आईची. रामीबाईला वाटेने जाणाऱ्याला बसवून चहा पाजायची सवय. कोणी पाहुणा आला असेल, गोड बोलला असेल, हिने सगळं ओकून टाकलं असेल. संदीपने तिला ते पान वाचून दाखवलं. ती नागली पाखडत होती. ऐकून म्हणाली, "असली गोष्ट आपल्या घरात कोणी सांगलीच नाय. माना ठावंच नाय ती मी कशाला सांगू?"

"आज्याने सांगितली होती ना."

"तुझा आजा एवढंच सांगं, मुखवटा आपल्याकडं हाय, नीट ठेवा. दुसरं काय नाय."

म्हातारी काहीतरी लपवते आहे, असं संदीपने ठरवून टाकलं. दोन दिवस तो तिचा प्रत्येक शब्द उलटसुलट करून बघत राहिला.

एवढ्यात खरी ठिणगी पडली. बोहाड्याची बैठक जगदंबेच्या देवळात सकाळी भरली. कोणतं सोंग कधी निघायचं याची बोलणी चालली होती, तेवढ्यात ओढ्यापलीकडचा मंगळू उठला. त्याच्या हातात 'रानसोंग'. त्याची मुलगी चैती जव्हारच्या कॉलेजात शिकते. तिथून तिने ते आणलं होतं.

"त्राटिका मुळात आमची," मंगळू म्हणाला. "छापील हाय. वाच गं चैती."

चैतीने खणखणीत आवाजात वाचलं. गावचे कारभारी तुकाबाबा म्हणाले, "पुस्तकवाल्याला पत्र्याचं काय ठावं? मुखवटा आणा, बघू." रामीबाईने घरी नारळ फोडला, मुखवटा देवळात आला, तुकाबाबांनी तो उलटा केला. आत अर्धा घोडा होता. मान, पुढचे दोन पाय, आणि पुढे कात्रीने कापलेला.

"अरे, हा पत्रा माझ्या बापाने ठोकला!" संदीप ओरडला. "तेलाचा डबा मोखाड्याच्या दुकानातला. पुस्तकात ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट हाय. तेव्हा हा डबा आला कुठून?"

गटात असतं तर पुणेकरांनी पान उघडून बघितलं असतं. देवळात कोणी लक्ष दिलं नाही. आठ दिवसांनी निवाडा करू, म्हणून तुकाबाबांनी बैठक मोडली.

त्या आठ दिवसांत रविवार आला. गटात 'रानसोंग'वर चर्चा होती आणि तुषार सर स्वतः येणार होते. संदीपने गाळ्याचं शटर अर्धं ओढलं. आज तो लेखकाला पकडणार होता. घरातल्या फितुराचं नाव सगळ्यांदेखत त्याच्या तोंडून वदवून घेणार होता. पुण्याच्या बाई वातावरणनिर्मितीवर बोलल्या, डोंबिवलीचे काका भाषेवर बोलले. संदीपने माईक सुरू केला.

"सर, मुखवट्याच्या आतला अर्ध्या घोड्याचा पत्रा. तो तुम्हाला कोणी सांगितला? नाव सांगा."

पलीकडे तुषार सर हसले, अगदी मनापासून. "संदीपजी, तुम्हीच की! दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. मी तेव्हा नुसता ऐकायला यायचो, कॅमेरा बंद ठेवून. तुमची ती गोष्ट डोक्यातून गेलीच नाही. शेवटच्या पानावर आभारही मानलेत, 'त्या रविवारच्या आवाजाचे'."

शेवटचं पान संदीपने वाचलंच नव्हतं. चुका आभाराच्या पानावर नसतात.

हर्षदा मॅडम सगळ्या बैठकी ध्वनिमुद्रित करून ठेवतात. त्यांनी हौसेने तो तुकडा शोधून लावला. फोनमधून संदीपचाच आवाज येऊ लागला, मागे गाळ्याच्या पत्र्यावर पावसाचा मारा. "मुखवटा मुळात ओढ्यापलीकडच्यांचा," आवाज म्हणत होता, "पण त्यांचा म्हातारा भिऊन रानात पळाला. माझा पणजा पळाला नाही..."

आता त्याला सगळं लख्ख आठवलं. त्या रविवारी एकाने पणजोबांची तलवार दाखवली होती. एका बाईंनी शिक्क्याचं पत्र वाचलं होतं. मग मॅडम म्हणाल्या, संदीप, तुमच्याकडचा काही इतिहास? आणि त्याच्याकडे एक मुखवटा होता, ज्याबद्दल आज्याने 'नीट ठेवा' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. त्याला फार लहान झाल्यासारखं वाटलं. म्हणून त्याने पणजा शूर केला. शूर माणसाशेजारी कोणीतरी भित्रा लागतो, म्हणून मंगळूचा पणजा पळवला. खरं वाटावं म्हणून पत्रा घातला. लोकांनी वाहवा केली, तो सुखावला, आणि पुढे वर्षभरात तीच गोष्ट त्याला आज्याच्या आवाजात आठवू लागली. आयुष्यात एकदाच त्याने माप न घेता कापलं होतं, आणि कापड दुसऱ्याचं होतं. त्याला स्वतःची किळस आली.

घरी जाऊन त्याने चंदनाला सगळं सांगितलं. "उद्या बैठकीत कबूल करतो."

"आधी माझ्या भावाला फोन कर," ती म्हणाली. त्याने केला. पंकजने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात संदीप उभा राहिला. तो बोलू लागला. ती गोष्ट मीच रचली, फोनवर बढाई मारली, लेखकाने ती उचलली. कोणी पळालं नाही, कोणी मुखवटा चोरला नाही. त्याने पुस्तकाचं पहिलं पान उघडून वाचूनही दाखवलं: यातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक.

"मग पत्रा खरा कसा निघला?" तुकाबाबांनी विचारलं.

"पत्रा तेवढा खरा. बाकी माझं खोटं."

"म्हंजे तवा मोठेपणासाठी सांगलं ते खोटं, आन आता मान जायची पाळी आली तर सांगतोस ते खरं?" मंगळू म्हणाला.

लोक हसले. संदीपने आवाजाचा तुकडा लावायचं मनात आणलं, आणि थांबला. त्यात तो ती गोष्ट खरी म्हणूनच सांगत होता, तीही छाती ठोकून. त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येकाच्या डोळ्यांत तेच होतं जे गिऱ्हाइकाच्या पोटाकडे बघताना त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत असायचं. त्राटिका या साली मंगळूच्या घराची, असा निवाडा झाला. रामीबाईने मुखवटा फडक्यात बांधला आणि मंगळूच्या हातात देताना एवढंच म्हणाली, "नीट ठेव."

तीन दिवसांनी भर दुपारी मंगळू गाळ्यात आला. काखेत त्राटिकेचा लाल झगा. संदीपच्या अंगचा झगा मंगळूला कुठून बसणार? सोंगाचे झगे शिवणारा दुसरा टेलर आसपास नव्हता. संदीपने टेप काढली. मंगळूने हात वर केले. छाती, खांदा, बाही. संदीप आकडे वहीत लिहीत गेला.

कंबरेचं माप वहीत चढल्यावर मंगळू हळूच म्हणाला, "एक इचारू?"

"विचार."

"चैतीला कॉलेजात पोरी चिडवतात. पळपुट्याच्या घरातली म्हणून." त्याचे हात अजून वरच होते. "तुझ्या आईची आण घेऊन सांग. आमचा म्हातारा खरंच पळला व्हता का?"

संदीपने टेप सोडली आणि मंगळूच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाय रे. आईची आण. कोणीच पळालं नाय. मी रचलं."

मंगळू त्याच्याकडे बघत राहिला. त्याला ते किती हवं होतं हे स्पष्ट दिसत होतं. मग हळूहळू त्याच्या कपाळावर आठी उमटली.

"हे माना बरं वाटावं म्हणून तर नाय ना सांगत?"

संदीपने टेप पुन्हा उचलली, मंगळूच्या कंबरेभोवती गुंडाळली, आणि मघाशी घेतलेलं माप पुन्हा एकदा घेतलं.