खारेपाटणच्या गाळातली गाडी

कोल्हापुरात शाहू महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गडमुडशिंगीचा मीरासाब बैलगाडीतून गुळाची वाहतूक करायचा. एका माघात त्याला नवंच भाडं मिळालं. फोंडाघाट उतरून गूळ खारेपाटणच्या बंदरावर पोचवायचा, पुढं तो गलबतानं जाणार.

पाचव्या सकाळी तो धक्क्यावर पोचला आणि बघतच राहिला. बंदर म्हणावं, तर समुद्र कुठंच नव्हता. तो होता पंचवीस मैल लांब. इथं होती डोंगरांमधून वळत आलेली खाडी, तीही आटलेली. मधोमध पाण्याची एक पट्टी, बाकी काळा चिखल, आणि दोनेकशे पावलांवर कुशीवर कलंडलेलं गलबत.

"दुपारी भरती येईल, मग होडीतून माल नेऊ," गलबताचा तांडेल म्हणाला.

मीरासाबला थांबवेना. चिखल वरून वाळल्यासारखा दिसत होता. "पंचगंगेच्या मळीच्या चिखलातनं गाड्या काढल्यात मी. ह्ये काय न्हाय," म्हणत त्यानं बैल खाली घातले.

पन्नास-साठ पावलांवर चाकं कण्यापर्यंत रुतली. जवळच अमीरबी नावाची म्हातारी चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले वेचत होती. ती ओरडली, "गाडीवान, बैल सोडा! पाणी फिरलं!"

मीरासाबनं मान वळवली. मघाची पट्टी रुंद झाली होती आणि पाणी डोंगराच्या दिशेनं चाललं होतं. असं पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तरी त्यानं गुळाचा एक रवा, म्हणजे अख्खी ढेप, खांद्यावर घेतला. तो धक्क्यावर टाकून परत येईतो पाणी बैलांच्या पोटाला लागलं. मग मात्र त्यानं विळ्यानं जुंपण्या कापल्या. बैल धडपडत बाहेर आले. गाडी बुडाली, आणि थोड्या वेळानं तिच्याभोवतीचं पाणी तांबूस झालं.

अमीरबीनं त्याला तांदळाची भाकरी दिली. "समुद्र दिवसातून दोनदा आत येतो, दोनदा परततो," ती म्हणाली. "आज अमावास्या, म्हणून उधाण मोठं. माझ्या आज्याच्या वेळी मोठाली गलबतं या धक्क्याला टेकायची."

"मग आता का न्हाय?"

"घाटातली रानं तुटली. दर पावसाळ्यात माती सुटते नि इथं येऊन बसते."

घाटमाथ्यावरचं लाकूड मीरासाबनं दोन उन्हाळे वाहिलं होतं. संध्याकाळच्या ओहोटीला चौघांनी मिळून गाडी ओढून काढली, तेव्हा तिच्यात गाळच होता.

गुळाच्या व्यापाऱ्यानं त्याला वर्षभर काम दिलं नाही. पुढं दिलं, तेव्हा मीरासाब आधी तिथी विचारायचा, मग घाट उतरायचा. लाकडाचं भाडं त्यानं पुन्हा घेतलं नाही. गावात लोक विचारायचे, "पाणी डोंगराकडं चढतंय व्हय रं?"

"चढतंय की. माझा गूळ खाल्लाय त्येनं."

दर खेपेला गाळ वाढलेला आणि गलबत थोडं आणखी समुद्राकडं उभं असायचं. सातव्या खेपेला ते धक्क्यावरून दिसलंच नाही. अमीरबीच्या मुलानं दोन होड्या आणल्या, आणि मीरासाबनं त्यांत गूळ भरून दिला.